भेरेमामा आणि टोकावड्याचं अंडं

भेरेमामा घाट चढण्याआधी एक उकडलेलं अंडं सोलायचे. खाणं नंतरचं. आधी सोलायचे, आणि मी घंटीच्या दोरीला हात लावून ते सोलणं बघायचो. आमची जुन्नरची एसटी घाटाच्या पायथ्याशी टोकावड्याला दहा मिनिटं थांबे. प्रवासी चहाला उतरत. मामा स्टॉपवर अंडी विकणाऱ्या ठमाबायच्या टोपलीतलं अंडं घेऊन परत ड्रायव्हरच्या सीटवर चढत, मांडीवर वर्तमानपत्राचा कागद पसरत आणि स्टिअरिंगवर टक्कन अंडं आपटून सोलायला लागत. कवच सरळ निघालं, आतलं अंडं गुळगुळीत राहिलं, की म्हणत, "मास्तर, मार डबल." मी त्यांचा कंडक्टर; कंडक्टरला मास्तर म्हणायची आमच्याकडे पद्धत, आणि दोनदा घंटी मारली की गाडी निघते.

अंडं फाटलं, कवचाबरोबर पांढऱ्याचे लचके निघाले, की मामांचा चेहरा उतरायचा. मग टायर बघ, रेडिएटरमध्ये पाणी ओत, असं काहीतरी काढून दुसरं अंडं आणायचे. एकदा तर त्यांनी ओळीने पाच अंडी सोलली. पाचवं धड निघालं तेव्हा गाडीतली एक म्हातारी म्हणाली, "डायवरचं जेवान झालं का नाय रे? माजी लेक वाट बगते." सगळी गाडी हसली. मी काही हसलो नाही, कारण तोवर मला त्यामागची गोष्ट कळली होती.

मी नोकरीला लागलो ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. मामा तेव्हा पन्नाशीच्या पुढचे, शहापूरकडचे, किन्हवलीच्या बाजूच्या एका पाड्यावरचे. अंगाने आडवे, आवाज मात्र बारीक. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना अंड्याबद्दल विचारलं, तर कागदाची घडी घालत म्हणाले, "एकदा आसंच अंडं फाटलं व्हतं. मी बोललो, अंड्यानं काय व्हतं? आन् गेलो. वर दरड सुटली, दगड काच फोडून आत आला. माजा मास्तर बाजूलाच हुबा व्हता. जागेवर गेला." एवढं बोलून त्यांनी गाडी चालू केली.

बाजूला म्हणजे नेमकं कुठे, हे मी विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं. घाटात धुकं असलं की कंडक्टरने पुढे येऊन काचेतून रस्त्याची कड बघायची असते. मी रोज तिथेच उभा राहायचो. खरं सांगतो, त्या दिवसापासून मीही त्या अंड्याकडे टक लावून बघू लागलो. शिकलेला माणूस, बारावी सायन्स, आणि कोंबडीच्या अंड्यावर जीव टांगून बसलेला!

त्यात मी एक घोळ घातला. मामांना चांगलंचुंगलं द्यावं म्हणून आईने एकदा घरच्या गावठी कोंबडीची, त्याच पहाटेची, अगदी ताजी अंडी उकडून दिली. आमच्यात पाहुण्याला ताजं देणं म्हणजे मान. मामांनी मोठ्या कौतुकाने पहिलं फोडलं. कवच अंड्याला असं चिकटलेलं की नखानखाने काढावं लागलं, आणि हातात जे उरलं ते उंदराने कुरतडल्यासारखं दिसत होतं. दुसरं तसंच. तिसरं त्यांनी फोडलंच नाही. गाडी पाऊण तास टोकावड्यालाच उभी राहिली. डेपोत साहेबांनी मामांना उभं करून सुनावलं, "भेरे, आणखी एकदा विनाकारण गाडी थांबवलीत तर स्टिअरिंग काढून घेईन. यार्डात गाड्या धुवायला लावीन."

बाहेर आल्यावर मामा पायरीवर बसले. म्हणाले, "घाटाला भ्यातो असं एकदा लिवून दिलं ना मास्तर, तर परत कोन गाडी देत नाय. मंग मी कोन? नुसता भेरे." घाटाची त्यांना भीती होती, पण घाटाविना राहायची त्याहून जास्त. मला वाटलं, हे सगळं माझ्या आईच्या कोंबडीमुळे झालं.

दुसऱ्या दिवशी मी ठमाबायकडे गेलो. तिचं घर गावाबाहेरच्या वाडीत. सकाळी चुलीवर अंडी उकडायची आणि टोपली घेऊन स्टॉपवर बसायची, हा तिचा कैक वर्षांचा धंदा. मी सगळं सांगितलं तेव्हा ती आधी पोटभर हसली.

"आरं भाव, ताजं अंडं कवाच सोलत नाय. आठ-दहा दिस ठेवायचं, मंग कवच सोडतं. आन् थंड पान्यात चुलीवर नाय चढवायची. पानी खदखदलं का मंग पळीनं अल्लाद सोडायची. काढली का लगेच माठाच्या गार पान्यात. फोडायचं ते जाड्या बुडाकडनं, तितं हवा आसते. बोट घातलं का सदरा उतरल्यागत निघतं."

"मग रोज सगळी तशीच का नाही करत?"

"येवडी अंडी आठ दिस कोन ठेवतंय घरात? तुज्या डायवरसाटी चार ठेवीन. पन त्याला सांगू नको. देवाचं काम हाये आसं त्याला वाटतंय ना, वाटू दे."

त्या दिवसापासून मामांचं अंडं कधी फाटलं नाही. वेगळ्या फडक्यात बांधलेली चार अंडी ठमाबाय आमच्या गाडीसाठी काढून ठेवायची. मामा खुशीत आले. गाडी टायमात जाऊ लागली, डेपोत साहेब त्यांच्याशी हसून बोलू लागले. "घाट हल्ली आपल्यावर राजी हाये, मास्तर," असं मामा म्हणायचे आणि माझा जीव अर्धा व्हायचा. पूर्वी मला एकच भीती होती, दगडाची. आता दोन झाल्या. समजा खरंच त्या अंड्यात काही असलं तर? त्यांना कुणीतरी वेळीच सावध करत होतं आणि मी त्याचं तोंड दाबून टाकलं असलं तर? गाडीत पन्नास माणसं असायची. घाट संपेपर्यंत मी मनातल्या मनात आईने शिकवलेलं सगळं म्हणून घ्यायचो. अशी दोन वर्षं गेली.

मग श्रावणातला तो दिवस. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. दुपारच्या बारालाही गाडीचे दिवे लावावे लागत होते. टोकावड्याला मामांनी अंडं फोडलं, बुडाकडून अंगठा घातला आणि कवच अख्खं निघून कागदावर पडलं. "मार डबल," ते म्हणाले.

मी दोरीला हात लावला आणि हात खालीच येईना. मागून लोक ओरडायला लागले. मामांनी मान वळवली. "काय रे? आजारी हायेस काय?"

मी त्यांच्या सीटशी वाकलो आणि सगळं सांगून टाकलं. ठमाबाय, आठ दिवसांची अंडी, खदखदणारं पाणी, माठ. ते ऐकत राहिले. हातातलं अंडं तसंच होतं.

"किती दिस चाललंय?"

"दोन वर्षं."

"म्हंजे दोन वर्सं मी घाट असाच चडलो? माजा मीच?"

मला वाटलं, आता कानाखाली बसते. पण ते रागावले नव्हते. भ्यालेही नव्हते. समोरच्या काचेकडे बघत बसले, वायपर चालू होता. मग इतक्या हळू आवाजात विचारलं की मला वाकावं लागलं, "मंग तू सांग. तुला काय वाटतं?"

"मामा, आज नको," मी म्हणालो. माझा आवाज लहान पोरासारखा निघाला.

त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

दोन तास आम्ही उभे होतो. प्रवाशांनी आमच्या सात पिढ्या काढल्या. मागून आलेल्या दोन गाड्या आम्हाला ओलांडून वर गेल्या. वरून दुधाचा टेम्पो आला, एक ट्रक आला, भजनी मंडळाची जीपसुद्धा आली. त्या दिवशी घाटात काहीही झालं नाही. एक खडासुद्धा रस्त्यावर आला नाही. मी मान खाली घालून प्रत्येक गाडीचा आवाज ऐकत होतो आणि लाजेने मेल्यासारखा झालो होतो.

डेपोत साहेबांनी विचारलं, गाडी कुणी थांबवली? मी तोंड उघडण्याआधी मामा म्हणाले, "मी. बिरेक हलका वाटला." ब्रेक तपासला, ठणठणीत निघाला. दुसऱ्या सोमवारपासून मामा यार्डात. धुवायच्या गाड्या रॅम्पवर चढवायच्या, धुतलेल्या रांगेत लावायच्या. निवृत्त होईपर्यंत त्यांनी परत फाटकाबाहेर गाडी नेली नाही. निवृत्तीनंतर चार-पाच वर्षांतच ते गेले. किन्हवलीला मातीला मी गेलो होतो.

मामा यार्डात गेले तेव्हा पहिला महिनाभर मी त्यांना तोंड दाखवलं नव्हतं. मग एका दुपारी गेलो. मामा पायरीवर बसून भाकरी खात होते. मी म्हणालो, "मामा, माझ्या भीतीपायी तुमचं स्टिअरिंग गेलं. तुम्ही माझं ऐकायला नको होतं."

त्यांनी हातातला घास डब्यात परत ठेवला.

"मास्तर, त्या टायमाला अंडं फाटलं व्हतं ते खरं. पन माजा मास्तर पन बोलला व्हता, मामा, आज नको. तुज्यासारखंच, दोरी धरून. अंड्याचं मी समद्यांना सांगतो. त्याचं कुनाला सांगितलं नाय." त्यांनी डब्याला झाकण लावलं. मग म्हणाले, "मी त्याला हसलो रे. गाडीतल्या समद्यांदेखत हसलो."