गुरुजींनी पुजलेला पाना

माझी बायको गेली, पण ही गोष्ट तिलाही कधी कळली नाही. आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका — मलाच नीट माहीत नाही.

दुसऱ्या मोठ्या लढाईत मी हवाई दलात मेकॅनिक होतो. इंदुरातल्या आमच्या छत्रीबागेतून तिथवर पोचलेला मी एकटाच — आणि हात चांगला होता माझा. उगाच नम्रपणा कशाला? ब्रह्मदेशाच्या सीमेजवळच्या तळावर दोन इंजिनांचं एक बॉम्बर माझ्या ताब्यात होतं. बाकीच्यांची विमानं आज ना उद्या दुरुस्तीसाठी अडकून पडत. माझं एकदाही अडकलं नव्हतं. गोरे साहेबसुद्धा नव्या मेकॅनिकला शिकायला माझ्याकडे धाडत. त्याचा तोरा मी मिरवत होतो, आजही मिरवतो.

इंजिनात ठिणगी पाडणारे दोन मॅग्नेटो असतात. उडण्याआधी एकेक बंद करून बघायचं. इंजिनाचे फेरे हद्दीबाहेर घसरले, तर विमान खालीच ठेवायचं. एका सकाळी उजव्या इंजिनाचे फेरे घसरले. मी इंजिन जोरात फिरवलं, पुन्हा बघितलं — या वेळी जेमतेम हद्दीत. तिसऱ्यांदा बघायला हवं होतं. बघितलं नाही. का? बघितलं तर पुन्हा घसरेल, हे मला ठाऊक होतं म्हणून. वहीत ‘ठीक’ लिहिलं आणि सही केली. पहिल्या वेळचं लिहिलंच नाही.

विमानातले चौघे गेले ते परत आले नाहीत. सोबतच्या विमानातल्यांना उजवा पंखा थांबलेला दिसला, मग ढग आड आले. गोळी लागली असणार, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

त्या चौघांतला वायरलेसवाला वसंता आपल्या इंदुराजवळच्या बेटम्याचा. लढाई संपली, संस्थान गेलं, मध्यभारत राज्य आलं, मी इंदुरात बसच्या वर्कशॉपात लागलो. एक दिवस वसंताचे वडील पत्ता काढत घरी आले. शाळामास्तर होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. चहाला हात न लावता त्यांनी विचारलं, “बेटा, मशीनमध्ये काही खराबी तर नव्हती ना? सच सांग, मी बुरा नाही मानणार.”

खरं बोलायला याहून सोपी वेळ कधी येणार होती? मी छाती काढून म्हणालो, “गुरुजी, आपल्या हातचं इंजिन आजवर बंद नाही पडलं.”

त्यांचा चेहरा निवळला. मुलगा लढताना गेला, यंत्राने दगा दिला नाही — एवढंच त्यांना ऐकायचं होतं. त्या विमानावर वापरलेलं एखादं हत्यार आहे का, म्हणाले. मी एक पाना काढून दिला.

खंडेनवमीला बेटम्याचं बोलावणं आलं. गेलो. पाटावर त्यांच्या आजोबांची फौजेतली तलवार, वसंताचा फोटो, आणि मध्ये माझा पाना. गुरुजींनी पान्याला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि त्या वयात गुडघे टेकून त्यावर डोकं ठेवलं. जमलेली माणसं माझ्याकडे कौतुकाने बघत होती.

तुम्हाला वाटेल, मी लाजेने मान खाली घातली असेल. नाही घातली. वसंताच्या फोटोसमोर ताठ उभा राहिलो, आणि मला माझ्या हाताचा अभिमान वाटला.