सहीविना बंद केलेला आलेख

तारापूरच्या ज्या रसायन कारखान्यात मी शिकाऊ म्हणून लागलो, तिथे तापमानाची रेघ ओढणाऱ्या यंत्रावरचा कागद साहेबांची सही झाल्याशिवाय कोणी काढत नसे. पहिल्याच दिवशी मला हे शिकवलं आणि मी ते नीट शिकलो.

सहा महिने संपत आले तेव्हा साहेब म्हणाले, "तीन रिॲक्टरचे आलेख कॉम्प्युटरवर काढून दाखव. मग तुला कायम करायचं बघू."

आमच्या घरात पदवीधर मी पहिलाच. आईने सुकी मासळी विकून मला पालघरच्या कॉलेजात शिकवलं. पायथन ही कॉम्प्युटरची भाषा मात्र फुकटच्या व्हिडिओंवरून शिकलो. ते बनवणाऱ्यांचा मी आजही आभारी आहे.

ठरल्या दिवशी साहेब शेजारी बसले. मी पायथनच्या काळ्या खिडकीत ओळ लिहिली आणि पहिला आलेख वेगळ्या खिडकीत उघडला.

"बरं आहे. पुढचा."

मी पुढची ओळ लिहिली. काहीच झालं नाही. थोडं थांबलो. साहेबही थांबले, मग फोन आला म्हणून बाहेर गेले.

जुने ऑपरेटर काका जवळ आले. "काय बीएस्सी, झोपला का मशीन?"

"विचार करतंय, काका."

"आमच्या मशीनवर जुना कागद काढल्याबिगर नवा बसत नाय. हा काढून बघ की."

"साहेबांची सही राहिलीय."

काकांनी स्क्रीनकडे बघितलं. "कुठं करतील? काचेवर?"

याचा मी विचार केला नव्हता. पहिल्या आलेखाची खिडकी बंद केली. लगेच दुसरा आलेख उघडला. म्हणजे मी प्रोग्रामची वाट बघत होतो आणि प्रोग्राम माझी.

साहेब दारातूनच म्हणाले, "अर्ध्या तासात दोन. अजून तीन महिने शिक."

संध्याकाळी बोईसरला खोलीवर पायथनची माहिती वाचली. प्रोग्रामच्या सुरुवातीला एक ओळ लिहिली, की आलेखाची खिडकी उघडी असली तरी प्रोग्राम अडत नाही. सकाळी तिन्ही आलेख शेजारी शेजारी मांडून साहेबांना दाखवले. त्यांनी ते मन लावून पाहिले.

"छान. पण मुदतवाढीचं पत्र टाइप झालंय."

मी ते घेतलं आणि आभार मानले. रविवारी घरी गेलो.

आईने विचारलं, "कायम झालास?"

"नाय. तीन महिने वाढवलेत."

"काढला तर नाय ना?"

"नाय."

"मग जेव," ती म्हणाली.