तोआ पायोहमधला हिवाळा

माझ्यासारख्याने कुणावर लिहायला बसावं हा आगाऊपणाच आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. परीक्षेतल्या निबंधापलीकडे माझ्या हातून काही उतरलेलं नाही. पण ज्यांच्या तोआ पायोह वस्तीतल्या फ्लॅटमधल्या एका खोलीत मी दोन वर्षं भाड्याने राहिलो, त्या काकांबद्दल कुणीच काही लिहिलं नाही तर मला चुटपुट लागून राहील. बाराही महिने बनियन अंगाला चिकटणाऱ्या सिंगापूरमध्ये राहून सदान्‌कदा थंडीची काळजी करणारा दुसरा माणूस पृथ्वीवर असेल असं मला वाटत नाही.

काका पुण्याहून तरुणपणी इथे आले आणि बँकेतून निवृत्त झाले. काकू गेल्यावर त्यांनी पेट्या दुरुस्त करायला घेतल्या. पेट्या म्हणजे हार्मोनियम. मोठ्या बेडरूममध्ये भाते, पट्ट्या आणि सरसाचे डबे असे पसरलेले असत की काका स्वतः हॉलमध्ये झोपत. त्यांची एकुलती एक मुलगी कॅनडात, विनिपेगला. ती सारखी म्हणायची, "बाबा, आता इकडेच या." काकांची अट एकच, पेट्या बरोबर येणार. मुलीचीही एकच, सरस आणि भुसा घरात नको, मागच्या अंगणात सुटं गॅरेज आहे ते तुमचं. मात्र हिवाळ्यात तिथे उणे तीस. "आणि नुसता बसायला गेलो ना," काका म्हणत, "तर दिवाळीच्या साफसफाईत मलाही झटकून ठेवतील." थोडक्यात, ते गॅरेज परवडेल अशा रीतीने तापवायचं कसं, यावर काकांचं लेकीकडे जाणं अडून बसलं होतं.

मला हे उमगायला वेळ लागला. आमच्याकडे गॅरेज म्हणजे जिथे मोटरसायकल दुरुस्तीला टाकतात ते. मी आदराने विचारलं, "जावई मेकॅनिक आहेत का?" काका दुखावले. "डेंटिस्ट आहे रे तो! गॅरेज म्हणजे गाडीची खोली." मग माझं गाव विचारलं. मी निफाड म्हणताच ते खुर्चीतून उठलेच. "निफाड? अरे, तुमचा पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो!" त्या दिवसापासून मी त्यांचा थंडीचा सल्लागार झालो. आमच्याकडे बर्फ पडत नाही, द्राक्षबागांत फार तर शेकोट्या पेटवतात, हे मी परोपरीने सांगितलं. "तेच तर! शेकोटीचा अनुभव आहे," ते म्हणाले.

काका प्रयोगाशिवाय काही मानत नसत. बेडरूमचा एसी सोळावर ठेवून, दोन स्वेटर आणि माकडटोपी घालून ते पेटीचे सूर लावायला बसत आणि दर पंधरा मिनिटांनी बोटं वळतात का ते मला तपासायला लावत. सुपरमार्केटमध्ये गोठवलेल्या मासळीच्या कपाटाचं दार उघडून ते डोळे मिटून उभे राहत. एकदा आम्ही विजेच्या सामानाच्या दुकानात हीटर मागायला गेलो. दुकानदार आधी काकांकडे, मग बाहेरच्या उन्हाकडे बघत खास इथल्या लकबीत म्हणाला, "अंकल, हीटर फॉर व्हॉट? आउटसाइड ऑलरेडी हीटर, लाह!" काकांनी त्याला विनिपेगचं तापमान ऐकवलं. त्याने आम्हाला पाणी दिलं.

प्रत्येक हीटरसाठी काकांच्या वहीत एक पान होतं आणि पानाच्या तळाशी लाल शाईत शेरा. रॉकेलचा: स्वस्त, पण झोप कायमची लागेल. गॅसचा: भिंतींना घाम फुटेल, पेट्या फुगतील. लाकडाची चूल: भुशाशेजारी विस्तव, विमेवाला हसेल. तेलाचा रेडिएटर: तापेपर्यंत जेवणाची वेळ. भिंतीवरचा हीटपंप: गुणी, पण बसवायला महाग आणि कडाक्यात रजेवर. एकही पान हरकतीवाचून सुटलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी काका अंघोळीला गेले असताना त्यांचा फोन वाजला. विनिपेगच्या ताई होत्या, म्हणजे काकांची मुलगी. "तुम्ही निफाडचे ना? बाबांना काहीतरी एक निवडायला लावा हो. मी विचारलं की एक नवीन हरकत निघते. आता मला विचारायचीच भीती वाटते."

मी तर घाबरूनच गेलो. काकांना मी काय सांगणार? तरी चहाच्या वेळी धीर करून म्हणालो, "काका, माझी आई हिवाळ्यात आधी दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबते. शेगडी नंतर. आणि ती शेगडी काही सगळ्या घराला पुरत नाही. आम्हीच तिच्याजवळ सरकतो."

काका बशी बाजूला सारून वहीकडे वळले. मग ओरडले, "म्हणजे खोली तापवायचीच नाही! माणूस तापवायचा!"

दुपारपर्यंत बेत ठरला. दाराच्या फटी बुजवायच्या, भिंती आणि छताला आतून जाड अस्तर लावायचं आणि कामाच्या टेबलावर छतातून विजेवर तापणारं एकच पॅनेल टांगायचं, उन्हासारखी थेट अंगावर धग देणारं. दुरुस्त झालेल्या पेट्या मात्र घरात. एवढ्याला ताई लगेच कबूल झाल्या. काकांनी नव्या पानावर शेरा लिहिला: "हरकत नाही." पेनाला टोपण लावता लावता त्यांचा हात थांबला. "आता जावंच लागणार रे," ते म्हणाले. इतके दिवस आम्ही थंडीवर उपाय शोधतोय अशीच माझी समजूत होती.

ते विनिपेगला गेले. मी सिंगापुरातच, हौगांगला दुसरी खोली घेतली. गॅरेज तापलं का, असं तीनदा मेसेज करून विचारलं. काकांना फोनवर टाइप करायचा कंटाळा. अखेर गेल्या आठवड्यात ताईंचा मेसेज आला. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात, पंख्याखाली बसून मी तो दोनदा वाचला.

"गॅरेज अजून गारच असतं, ऊब काय ती बाबांच्या टेबलापाशी. घर सगळीकडे सारखं गरम, त्यामुळे मी, हे आणि मुलगी तीन खोल्यांत तिघं असायचो. आता जेवणं झाली की जॅकेट चढवून तिघंही बाबांकडे जातो. पॅनेलखाली खुर्च्या जेमतेम चारच मावतात, अगदी गुडघ्याला गुडघे लावून."