नेपरव्हिलचा गड

फेब्रुवारी महिन्यात मातीचा किल्ला करू नये. हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. बायकोने सांगितलं, मुलीने सांगितलं, शेवटी जमिनीनेही सांगितलं.

२००५ च्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही अमेरिकेत नेपरव्हिलला राहत होतो आणि आमची ईशा सातवीत होती. सोशल स्टडीजमध्ये तिची गाडी 'बी'वर अडली होती. मध्ययुगातल्या रोजच्या जीवनावरचा प्रोजेक्ट झकास झाला, तरच 'ए' मिळणार होता. पोरगी मन लावून बुटांच्या खोक्यात गरीब शेतकऱ्याची झोपडी करत होती. तेवढ्यात मी ऑफिसातून घरी आलो!

"हे काय?"

"पेझंटचं घर आहे, बाबा."

"मध्ययुग म्हटल्यावर किल्ला करायचा सोडून झोपडी? अगं, आपण किल्ल्यांच्या मुलखातली माणसं!"

"यू आर. मी नेपरव्हिलची आहे," ईशा म्हणाली. "आणि बाबा, इट्स माय प्रोजेक्ट."

"तुझाच आहे गं! मी फक्त गाइड करतो."

(लहानपणी पुण्यात दिवाळीच्या स्पर्धेत आमच्या सोसायटीत माझा किल्ला पहिला यायचा. स्पर्धेत किल्ले दोनच असायचे, हा तपशील मी अमेरिकेत कोणाला सांगितलेला नाही.)

दिवाळीसारखा किल्ला करायचा म्हणजे माती हवी. बॅकयार्डातली माती बर्फाखाली फरशीसारखी झाली होती. फावडं मारलं तर ते टणकन वाजलं आणि माझा हात खांद्यापर्यंत झिणझिणला. पण मी कसला ऐकतोय! बायकोला, म्हणजे मीनलला, मी पातेली भरभरून पाणी उकळायला लावलं. ती उकळतं पाणी आणून ओतायची, ईशा खणायची आणि मी गॅरेजच्या दारात उभा राहून मार्गदर्शन करायचो.

"अहो, शेजारचे खिडकीतून बघतायत," मीनल म्हणाली.

"बघू देत. त्यांनी कुठे पाहिलाय किल्ला?"

"त्यांना वाटतंय आपण कोणाला तरी पुरतोय!"

मग गॅरेजमध्ये प्लायवुडवर विटा रचल्या, त्यावर बासमतीची रिकामी पोती टाकली आणि वर चिखल थापला. थापला म्हणजे त्या दोघींनी थापला. मी लांबून एक डोळा मिटून बुरुजाचा तोल बघत होतो.

"बाबा, कॅसलभोवती पाणी असतं. ते कुठेय?"

"खंदक कशाला? आपला गड डोंगरावर असतो. शत्रू चढता चढताच दमतो!"

डोंगर म्हटल्यावर हिरवळ आली. मीनलने लाडवांसाठी आईकडून मागवलेले अळीव मी मुठी भरभरून पेरले आणि शेजारी हीटर लावला. चार दिवसांत गड असा काही तरारला की मला भरून आलं. मीनललाही आलं, पण ते अळिवांसाठी. शेवटी पुण्याहून आणलेले मातीचे मावळे तटावर उभे केले.

"बाबा! नाइट्स टर्बन नाही घालत!"

"हे उन्हाळ्यातले नाइट्स आहेत."

"आणि माझी झोपडी कुठेय?"

"ती... बालेकिल्ल्याच्या आत आहे. आधाराला काहीतरी लागतंच ना."

ईशाने बालेकिल्ल्यात वाकून पाहिलं आणि ती घरात निघून गेली. खरं तर मी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

प्रेझेंटेशनच्या सकाळी बर्फ पडत होता. गड स्कूल बसमध्ये जाणं शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही तिघांनी तो कण्हत कण्हत मिनीव्हॅनच्या मागच्या बाजूला चढवला. शाळेच्या अलीकडच्या स्टॉप साइनला मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, गड थांबला नाही! बालेकिल्ला पुढे आला, बुरुज सीटखाली गेले, एक मावळा माझ्या कॉफीत पडला आणि उरलेला चिखल ईशाच्या पांढऱ्या जॅकेटवर बसला.

"बाबा," ती अगदी शांतपणे म्हणाली, "देअर गोज माय ए."

पोरीचा 'ए' खरोखरच माझ्या हौसेपायी चिखलात गेला होता. उरलेला ढिगारा आम्ही वर्गात नेला आणि मी मागे भिंतीला चिकटून उभा राहिलो. सगळ्यांच्या टेबलांवर सुबक झोपड्या, गिरण्या, भट्ट्या. आमच्या टेबलावर अळीव उगवलेला चिखल, त्यातून डोकावणारं बुटांचं खोकं आणि त्याच्यामागे चिखलाने माखलेली ईशा.

तिने एकदा ढिगाऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती बोलायला लागली.

"मी सर्फ आहे." (सर्फ म्हणजे आपला वेठबिगार.) "आमच्याकडे कॅसलची आयडिया लॉर्डची असते. खणतो आम्ही, उचलतो आम्ही. लॉर्ड दारात उभा राहून पॉइंट करतो. त्याला पाहिजे असेल तर तो आमचं घरसुद्धा घेतो. आम्हाला कोणी विचारत नाही. आणि कॅसल पडला, की चिखल आमच्याच अंगावर येतो."

वर्ग हसून हसून लोळला. बाई थक्क झाल्या होत्या. "इतकं बारीक वर्णन! ईशा, हा रिसर्च कुठून केलास?"

"आय हॅव अ प्रायमरी सोर्स," असं म्हणून तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

'ए' मिळाला. मग बाईंनी हसत हसत माझ्या हातात कागदी टॉवेलांचा गठ्ठा दिला. वर्गाच्या कार्पेटवरचा चिखल त्या दिवशी लॉर्डने गुडघ्यांवर बसून पुसला, आणि त्याची सर्फ दारात उभी राहून सांगत होती, "बाबा, तिथे राहिलंय. अँड देअर. अँड देअर!"