गंजाची डॉक्टर

औंढ्यात अनुश्रीला सगळे गंजाची डॉक्टर म्हणतात. लोखंड का गंजतं आणि धडधाकट दिसणारं पोलाद अचानक का तुटतं, यावर ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत सतरा वर्षं काम करते. पण इकडे गंज म्हणजे दूध तापवायचं पातेलंही. त्यामुळे ती घरी आली की शेजारच्या धुरपताबाई एखादा गळका गंज घेऊन हजर.

"बुडाला भोक पडलं बघ. घरची डॉक्टरीन असताना आमी बाजारात काहून जावं?"

पहिली दोन वर्षं अनुश्रीनं समजावून सांगितलं. आता ती येतानाच भोक बुजवायला डाग द्यायचं सामान घेऊन येते.

या वेळी ती आली होती भाचीच्या बारशाला. धाकटी बहीण मधुवंती बाळंतपणाला माहेरी होती. बारसं दुसऱ्या दिवशी होतं. घरचा सागवानी पाळणा छताच्या कडीला एका जाड स्प्रिंगवर टांगायचा. दोघी बहिणी त्यातच वाढल्या. स्प्रिंग गंजलेली दिसली म्हणून वडील, विष्णुपंत, सकाळीच हिंगोलीला जाऊन तिला निकेलचा मुलामा मारून घेऊन आले. बारा वाजता त्यांनी ती टेबलावर ठेवली.

"बघ, आरसा! तुझा गंज नापास."

अनुश्रीनं स्प्रिंग हातात घेतली. "बाबा, आधी ॲसिडात बुडवली?"

"चांगली तासभर. मी समोर बसून होतो."

"आणि नंतर भाजली?"

"स्प्रिंग भाजतात?"

गंगूताई, म्हणजे विष्णुपंतांच्या थोरल्या बहीण, घुगऱ्यांचे हरभरे निवडत होत्या. घरात शेवटचा शब्द त्यांचा. अनुश्रीनं त्यांनाच सांगायला घेतलं. ॲसिडात आणि निकेल मारताना हायड्रोजन पोलादात शिरतो. स्प्रिंगचं पोलाद कडक, ते त्यानं ठिसूळ होतं. मग वजन टांगलं की तासाभरानं, नाहीतर चार दिवसांनी, काही न कळवता तुटतं.

"गंज होता तोवर बरी होती," ती म्हणाली.

"हायड्रोजन म्हंजे हवाच ना?"

"हो, आत्या."

"मंग विष्णूच्या डोस्क्यात इतकी वर्सं हवा हाय, ते काहून मोडलं न्हाई?"

"मऊ असलं की काही होत नाही, आत्या."

विष्णुपंत उठून ओसरीवर गेले.

"मोडंल का न्हाई, एक सांग," गंगूताई म्हणाल्या.

"सांगता येत नाही. कदाचित मोडणारही नाही."

"सतरा वर्सं शिकून सांगता येत न्हाई?"

पण त्यांचा हात हरभऱ्यात थांबला होता. त्यांनी वरच्या कडीकडं पाहिलं, मग खालच्या शहाबादी फरशीकडं. आतल्या खोलीत अकरा दिवसांची पोर झोपली होती.

"उपाव हाय?"

"आहे. निकेल मारल्यापासून चार तासांच्या आत भाजायला घ्यायची. दोनशे डिग्रीवर, आठ तास. मग हायड्रोजन बाहेर निघून जातो."

दोनशे डिग्री औंढ्यात एकाच ठिकाणी मिळते. रवा-तूप घेऊन बायका जिथं नानकटाई करून आणतात, त्या अमरसिंगच्या बेकरीत अनुश्री धावत पोचली. अमरसिंगनं स्प्रिंग उलटीपालटी केली.

"मॅडम, यात तूप किती?"

"काही नाही. आठ तास ठेवायची."

"आठ तासांत माझी भट्टी भाजून निघंल!" तो म्हणाला. पण लेकराच्या पाळण्याची आहे म्हटल्यावर त्यानं टोस्टचा एक ट्रे बाजूला केला.

स्प्रिंग परत आली ती पिवळट होऊन, वेलचीच्या वासाची. विष्णुपंतांचा चेहरा उतरला. "माझं निकेल!"

गंगूताईंनी रंगाकडं पाहिलंही नाही. "आता न्हाई ना मोडत?"

"सहसा नाही."

"सहसा?" गंगूताई म्हणाल्या.

सकाळी बाजार उघडताच त्या चपला घालून बाहेर पडल्या. अनुश्री आंघोळ करून आली तेव्हा पाळणा टांगलेला होता. स्प्रिंग होतीच, पण शेजारून कडीपासून पाळण्यापर्यंत एक काळा नायलॉनचा दोर, चांगला जाड आणि जरासा ढिला. स्प्रिंग तुटलीच तर पाळणा चार बोटं खाली येऊन दोरावर राहणार. अगदी अशाच व्यवस्थेसाठी अनुश्रीनं प्रयोगशाळेत अकरा पानांचा प्रस्ताव लिहिला होता, आणि तो दोनदा परत आला होता.

"आत्या, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? झबल्याला बटन असलं तरी मी नाडी लावतेच की."

दुपारी वसमतहून मधुवंतीच्या सासरची मंडळी आली. सासूबाई, रुख्मिणीबाई, पाळण्यापाशीच थबकल्या. "हा काळा दोर कशाला?"

विष्णुपंतांनी घसा खाकरला. "त्याचं असं आहे, हायड्रोजन जो असतो…"

"नजर लागू नये म्हून," गंगूताई म्हणाल्या.

रुख्मिणीबाईंनी मान डोलावली. अनुश्रीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं; तेवढ्यात बायकांनी पोरीला पाळण्यात ठेवलं. स्प्रिंग ताणली गेली, पुन्हा वर आली, आणि पोर जांभई देऊन झोपली. अनुश्रीनं तोंड मिटलं.

घुगऱ्या वाटून झाल्यावर रुख्मिणीबाई तिच्याजवळ आल्या. "आमच्याकडच्या पाळण्याला किती हात दोर घ्यावा?"

"उंची मोजून घ्या," अनुश्री म्हणाली. "पण बांधायचा ढिला. ताणून बांधला तर नजर लागते."