जुन्या देऊन नव्या रेकॉर्डी

नवऱ्याने चाळीस वर्षं जपलेल्या रेकॉर्डी मी एकदा बोहारणीला जुने कपडे द्यावेत तशा दुकानात देऊन टाकल्या, आणि वर लढाई जिंकल्याच्या थाटात घरी आले. तेव्हा मी नुकती साठी ओलांडलेली, म्हणजे अगदीच अल्लड.

रेकॉर्डी होत्या सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या, विलायती ब्लूज-रॉकच्या. हे इकडे परदेशात येऊन ग्वेल्फच्या युनिव्हर्सिटीत शिकत होते तेव्हा मेसमध्ये भांडी घासून एकेक घेतलेल्या. एटोबिकोच्या आमच्या घरात त्या बेसमेंटमध्ये असायच्या आणि रविवारी वाजायच्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. घसा बसलेला कुणी गोरा, बायको सोडून गेली म्हणून कण्हतोय आणि मागे गिटार त्याची समजूत काढतेय, एवढंच काय ते. "अहो, त्याला कुणीतरी सुंठ-गूळ द्या!" मी जिन्यावरून ओरडायचे. की हे आवाज आणखी वाढवायचे.

मग हे रिटायर झाले आणि वर्षभरात बेसमेंट गप्प झालं. "झिजल्या गं त्या. पूर्वीसारख्या वाजत नाहीत," म्हणाले आणि वर येऊन पेपर उघडून बसायला लागले. ज्या गोंगाटाला जन्मभर नावं ठेवली, तो थांबल्यावर मला घर खायला उठलं. यांना परत खाली, त्या गाण्यांपाशी कसं बसवावं, एवढंच डोक्यात.

अशात ग्रोसरीला जाताना एका दुकानाच्या काचेत त्याच रेकॉर्डी दिसल्या. वर तीच चित्रं, पण कोऱ्या करकरीत. कंपनीने पुन्हा काढल्या होत्या म्हणे. मला वाटलं, पुस्तकाची नवी आवृत्ती निघते तसंच हे, मागच्या चुका दुरुस्त करून. दुपारी यांचा डोळा लागलेला बघून मी जुन्यांचा गठ्ठा पिशवीत भरला आणि निघाले.

दुकानाच्या दाढीवाल्या मालकाने त्यातली एक बाहेर काढली, उजेडात तिरकी धरली आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅम, आर यू शुअर?"

मी म्हटलं, हा भाव पाडतोय. नवी रेकॉर्ड हातात तोलून पाहिली, पातेलं घेताना बूड बघतात तशी. चांगली जड होती. "या सगळ्या घ्या, तेवढ्याच नव्या द्या. आणि एक वर," असं मी ठणकावून इंग्रजीत सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, शुअर? मी मान ताठ केली. त्याने वरची एक हसत दिली. तिथेच शंका यायला हवी होती, पण बाईसाहेब हवेत!

घरी आल्यावर, जुन्या देऊन आणल्या म्हणून सांगत मी नव्या यांच्यापुढे ठेवल्या, आणि यांनी खाली जाऊन त्यातली एक लावली. मी जिन्यात कान देऊन उभी. तेच कण्हणं. जुनीत आणि नवीत मला तिळाएवढा फरक कळेना. अर्ध्यातच बंद करून हे वर आले.

"कशी वाजली?"

"नवीन आहे."

हे काय उत्तर झालं? रागावले म्हणावं, तर आमटी दोनदा मागून घेतली. खूश म्हणावं, तर जेवून खिडकीबाहेर बघत बसले.

रिचमंड हिलच्या लेकीला फोन केला तर ती किंचाळलीच. "आई, यू डिड व्हॉट? ते ओरिजिनल्स होते! लोक शोधत फिरतात!"

"अगं, पण ओरखडे होते त्यांच्यावर."

"दॅट्स नॉट द पॉइंट, आई!"

मग पॉइंट कुठला, ते काही तिने सांगितलं नाही. ओरखड्यांची रेकॉर्ड कोऱ्यापेक्षा मोलाची असेल, तर कोरी काढतात तरी कशाला? माझं डोकं गरगरलं. त्या गोंधळात एवढं मात्र मी पक्कं ठरवून टाकलं, की यांच्या गप्प बसण्याला कारण मीच. गाणी परत आणायला गेले आणि होती तीही घालवून बसले.

सकाळी नव्या सगळ्या घेऊन दुकान उघडायच्या आधीच दारात. दाढीवाल्याने जुना गठ्ठा अजून मांडलाच नव्हता. "तुम्ही याल असं वाटलं होतं," म्हणाला आणि मुकाट्याने अदलाबदल करून दिली. मी गठ्ठा बेसमेंटमध्ये होता तिथे लावला आणि यांना खाली बोलावलं.

"आणल्या हो परत. चुकलं माझं. आता लावा बघू एक."

यांनी एक रेकॉर्ड काढली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि न लावताच परत ठेवली. मला शेजारी बसायची खूण केली.

"अगं, कालची कोरी रेकॉर्डही मला तशीच ऐकू आली, गोधडीखालून आल्यासारखी. या झिजलेल्या नाहीतच. कानाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घे माझ्यासाठी, आणि पोरीला इतक्यात सांगू नकोस."