सत्तर घोड्यांची पिकअप
क्लच जळल्याचा वास आला, की मला पिंपळगाव राजाजवळचं सासऱ्यांचं वावर आठवतं. माझी जुनी पिकअप विकत घ्या म्हणून मी त्यांच्या मागे लागलो होतो आणि त्यांची अट एकच होती: गाडीनं मळणीयंत्र वावराबाहेर ओढून दाखवावं, तरच सौदा. सत्तर घोड्यांचं इंजिन, दीड टन ओढायची हमी. माझी छाती बॉनेटएवढी फुगलेली! पण जोर दिला तरी यंत्र जागचं हलेना. मागची चाकं घसरतात म्हणून डाल्यात, म्हणजे मागच्या हौद्यात, वजनाला अर्धं गाव बसवलं, तर धुरानं पार लोणारपर्यंत अंधार पडला. सासरे म्हणाले, "जवाईबापू, घोडे सत्तर हायेत, पन सारेच उपाशी दिसून राह्यले!" आता सौद्याबरोबर माझी इज्जतही चालली होती. मी पाय अख्खा दाबला. काड्‌कन आवाज झाला, यंत्र उसळलं आणि त्याच्यासोबत हातभर लांब चार लोखंडी खुंटे ढेकळांसकट उपटून आले. मळताना यंत्र हलू नये म्हणून सासऱ्यांनीच ते ठोकले होते आणि काढायचे विसरले होते! सासूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सासरे खुंट्यांकडे बघत म्हणाले, "पाहून काय राह्यले? गाडी घेतली मी!" हल्ली हा किस्सा सांगताना मी खुंटे बारा सांगतो, आणि शेजारी बसलेले सासरे गंभीरपणे म्हणतात, "तेरा होते."